सैल दोरीची पारख

पिशवीतून प्रथमच बाहेर काढलेल्या पतंगाचे कापड उलगडताना कडकड वाजते. कारखान्यात पडलेल्या घड्या अजून मोडलेल्या नसतात, शिलाईच्या कडा कोऱ्या असतात आणि हवा भरण्याच्या नळ्यांना वाळूचा कणही लागलेला नसतो. काइटसर्फिंगमध्ये, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर पायाखालची फळी समुद्रावर धावती ठेवण्याच्या खेळात, जे मुरलेले असतात त्यांना हा आवाज चांगला परिचयाचा असतो, आणि तो कानावर पडला की त्यांच्या मनात उत्साहाबरोबर एक सावधपणाही जागा होतो. पतंगाचे क्षेत्रफळ त्याच्या टोकावर छापलेले असते, तो किती वाऱ्यात वापरावा याचा तक्ता सोबत येतो, दोऱ्या किती लांबीच्या लावाव्यात हेही सांगितलेले असते. परंतु जोराच्या वाऱ्यात आणि फुटणाऱ्या लाटांमध्ये त्याचा स्वभाव कसा निघेल, हे तो पाण्यावर नेल्याखेरीज कळत नाही. वस्तूंना गुणधर्म असतात आणि सजीवांना स्वभाव असतो, ही विभागणी एरवी सोयीची असली तरी येथे ती टिकत नाही. अनुभवी स्वार पतंगाविषयी बोलताना तो शांत आहे, हट्टी आहे, उतावळा आहे, अशाच शब्दांत बोलतात, आणि त्या शब्दांवाचून त्यांना आपले म्हणणे नेमके मांडताही येत नाही.

लाटांसाठी बनवलेल्या पतंगाची पुढची कड ही हवा भरलेली एक कमानदार नळी असते, जिला लीडिंग एज म्हणतात. तिच्यापासून मागे निघालेल्या आणि हवेनेच ताठ राहणाऱ्या फासळ्यांना स्ट्रट हे नाव आहे. लाटांच्या पतंगात अशा फासळ्या बहुधा तीनच असतात, कारण फासळी कमी झाली की वजन घटते, आणि हलका पतंग ओढ नसतानाही हवेत टिकून राहतो. त्यांवर ताणलेले पॉलिएस्टरचे कापड ठरावीक अंतरावर जाड धागे घालून विणलेले असते, जेणेकरून एखादे भोक पडले तरी ते पुढे फाटत जाऊ नये. 9 चौरस मीटरचा असा पतंग अडीच-तीन किलोच्या आसपास भरतो. नळ्यांमध्ये हातपंपाने 6 ते 8 पीएसआय इतका, म्हणजे मोटारीच्या चाकातील दाबाच्या साधारण पाव हिश्श्याइतका दाब भरला जातो. तेवढ्यानेही नळी इतकी टणक होते की तिला टिचकी मारून निघणाऱ्या आवाजावरून जाणकार माणूस दाब पुरेसा झाला की नाही ते सांगतो. स्वारापासून पतंगापर्यंत 20 ते 24 मीटर लांबीच्या चार दोऱ्या जातात, त्यांपैकी पुढच्या दोन मुख्य भार पेलतात, तर मागच्या दोन पतंग वळवतात आणि त्याचा वाऱ्याशी होणारा कोन बदलतात. या दोऱ्या ज्या दांड्याशी येऊन मिळतात त्याला बार म्हणतात. हा बार कमरेच्या हार्नेसला, म्हणजे रुंद पट्ट्याला, अडकवलेल्या मधल्या दोरावर वरखाली सरकतो. तो जवळ ओढला की पतंगाची ओढ वाढते आणि दूर ढकलला की कमी होते. नवा पतंग पारखताना बहुतेकांचे लक्ष जवळ ओढण्याकडे असते, आणि खरी माहिती मात्र दूर ढकलण्यात दडलेली असते.

अशा पारखीसाठी जे किनारे नावाजलेले आहेत, त्यांत दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या उत्तरेकडचा ब्लाउबर्गचा किनारा अग्रभागी येतो. टेबल बे या उपसागराच्या एका अंगाला शहर आणि त्यामागे 1,085 मीटर उंचीचा, माथा कापून सपाट केल्यासारखा दिसणारा टेबल माउंटन, तर दुसऱ्या अंगाला ही लांब, उघडी वाळू, आणि समोर पाण्यात रॉबेन बेट, असा हा देखावा आहे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, म्हणजे दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्यात, येथे आग्नेयेकडून जो वारा वाहतो त्याला स्थानिक लोक केप डॉक्टर म्हणतात, कारण तो शहरावरची दूषित हवा वाहून नेतो अशी जुनी समजूत आहे. दक्षिण अटलांटिकवरील जास्त दाबाचा पट्टा या काळात खंडाच्या दक्षिण टोकाखाली सरकतो, खंडाच्या आतल्या भागात तापलेल्या जमिनीवर दाब कमी होतो, आणि या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून हवा धाव घेते. ती डोंगरावर चढताना थंड होते, तिच्यातील बाष्पाचा पांढरा ढग माथ्यावर पसरतो आणि शहराच्या बाजूने खाली उतरताना तापून जागच्या जागी विरून जातो. ढग सतत ओघळत असतो, तरीही त्याची खालची कड एकाच उंचीवर स्थिर राहिलेली दिसते. ब्लाउबर्गच्या वाळूवर पतंग फुगवणारी माणसे या ढगाकडे पुन्हा पुन्हा पाहतात, आणि तो घट्ट व जाड होत चालला की पिशवीतून लहान मापाचा पतंग काढतात.

येथील वारा किनाऱ्याला बराचसा समांतर, समुद्राकडे तोंड करून उभे राहिल्यास डाव्या हाताकडून उजवीकडे वाहतो. लाटा मात्र या वाऱ्याच्या नव्हेत. त्या दक्षिण महासागरातील दूरच्या वादळांनी उठवलेल्या असतात आणि नैर्ऋत्येकडून, दोन लाटांमध्ये बारा-चौदा सेकंदांचे अंतर राखून, शेकडो मैल प्रवास करून येथे येऊन फुटतात. वाऱ्याची दिशा एक आणि लाटांची दुसरी, अशा या छेदामुळेच पतंगाच्या पारखीला येथे धार येते. पाणी भर उन्हाळ्यातही हुडहुडी भरवणारे असते, कारण हाच वारा पृष्ठभागावरचे कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याच्या जागी बेंग्वेला प्रवाहाच्या पट्ट्यातील खोल, थंड पाणी वर येते. जाड रबरी पोशाख घालूनही बोटे बधिर होतात, आणि बधिर बोटांना सुरक्षेची खटकी सापडते की नाही, हाही त्या पारखीचाच एक भाग असतो.

वाऱ्याच्या जोराविषयी सर्वसाधारण माणसाची कल्पना बहुधा अपुरी असते. पतंगावर पडणारा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 20 नॉटचा, म्हणजे ताशी 37 किलोमीटरचा वारा 30 नॉटवर, म्हणजे ताशी सुमारे 55 किलोमीटरवर गेला, तर वेग दीडपट होतो पण ओढ सव्वादोन पट होते. शिवाय पतंग एका जागी उभा नसतो; तो हवा कापत आडवा धावला की त्याला लागणारा वारा आणखी वाढतो आणि त्याबरोबर ओढही. त्यातून वाऱ्याचे झोत येतात, पडतात, पुन्हा येतात. गलबतावरच्या खलाशाला अशा वेळी शीड थोडे गुंडाळून त्याचे क्षेत्र कमी करता येते. पतंगाचे कापड हवेत असताना गुंडाळता येत नाही, म्हणून माप आधीच निवडावे लागते आणि मग त्या मापाच्या मर्यादेत बार दूर ढकलून, कोन बदलून, जेवढे निभावता येईल तेवढे निभावावे लागते. ज्या पतंगाची ही मर्यादा रुंद असते, तो चांगला म्हटला जातो.

शिडाचा विषय निघाला की या किनाऱ्यावर पोर्तुगीजांची आठवण टाळता येत नाही, आणि तिचा एक धागा थेट गोव्यापर्यंत जातो. 1497 च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ऐन आग्नेय वाऱ्याच्या मोसमात, वास्को द गामाची जहाजे केपच्या टोकाशी पोहोचली तेव्हा विरुद्ध वाऱ्याने त्यांना काही दिवस अडवून धरले होते. चौकोनी शिडांच्या त्या जहाजांना वाऱ्याच्या दिशेने फारसे वर चढता येत नसे. वारा मागून किंवा बाजूने मिळेपर्यंत थांबणे किंवा दूर समुद्रात वळसा घालणे, एवढेच त्यांच्या हाती असे. भारतातील पोर्तुगिजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेदा मायदेशी परतताना 1510 च्या मार्चमध्ये गोड्या पाण्यासाठी याच टेबल बेमध्ये उतरला आणि तेथील खोईखोई लोकांशी झालेल्या चकमकीत आपल्या कित्येक माणसांसह मारला गेला. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा घेतला तोही त्याच वर्षी. आज त्याच उपसागरात साध्या फळीवर उभा राहिलेला माणूस पतंगाच्या जोरावर वाऱ्याच्या दिशेने तिरका चढत जातो, आणि ज्या वाऱ्याने ताफे अडवून धरले त्याच्या तोंडावर दुपारभर मागेपुढे फेऱ्या मारतो. शीड डोलकाठीला जखडलेले होते, पतंगाने ती डोलकाठी सोडून दिली आणि समुद्राच्या पृष्ठाशी घासून मंद झालेल्या वाऱ्याऐवजी वीस मीटर वरचा, अधिक जोराचा आणि अधिक सलग वारा धरला, हा त्यातला मोठा फरक.

मात्र वारा धरणे ही या इतिहासाची अर्धीच बाजू आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी 1826 मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले, आणि त्यांच्याही पतंगाला नियंत्रणासाठी चार दोऱ्या होत्या. त्याआधी दोन वर्षे त्यांनी आपल्या मार्था या मुलीला खुर्चीत बसवून पतंगाने सुमारे 80 मीटर उंच उचलले होते. पुढे याच मार्थाचा मुलगा डब्ल्यू. जी. ग्रेस क्रिकेटमधील एक थोर फलंदाज म्हणून गाजला, ही गोष्ट क्रिकेटवेड्या वाचकाला सांगितल्यावाचून राहवत नाही. 1903 मध्ये सॅम्युएल कोडी पतंगाने ओढलेल्या लहानशा नावेतून इंग्लिश खाडी पार करून गेले. तरीही हे प्रयोग प्रयोगच राहिले, कारण पतंग पाण्यात पडला की खेळ संपत असे. ब्रिटनी प्रांतातले ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या दोघा दर्यावर्दी फ्रेंच भावांनी 1984 मध्ये हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचे पेटंट घेतले तेव्हा ही अडचण मिटली. फुगीर नळ्यांमुळे पतंग पाण्यावर तरंगू लागला आणि पाण्यातूनच पुन्हा उडवता येऊ लागला. त्यांच्या कल्पनेला गिऱ्हाईक मिळायला पुढे एक तप उलटून जावे लागले. 1997 मध्ये विपिका या नावाने त्यांचे पतंग बाजारात आले आणि हवाई बेटांतील माउईच्या किनाऱ्यावर या खेळाने खऱ्या अर्थाने जोर धरला.

त्या पहिल्या पिढीचे पतंग वारा उत्तम धरत, पण सोडत नसत. बार पूर्ण दूर ढकलला तरी ओढ थोडीच कमी होई, आणि अचानक आलेल्या झोताने माणसे उचलली जाऊन वाळूवर, खडकांवर, भिंतींवर आदळत. काहींचे त्यात प्राण गेले. ब्रुनो लेगेन्यू यांनीच पुढे मागची कड आतल्या बाजूला वळलेली आणि पुढची कड अनेक दोऱ्यांनी आधारलेली अशी नवी रचना केली, तिचे पतंग 2005 च्या सुमारास आले, आणि प्रथमच बार दूर ढकलला असता ओढ जवळजवळ शून्यावर आणणे शक्य झाले. ज्याने पाण्यावर वारा धरायला शिकवले, त्यानेच वीस वर्षांनी तो सोडण्याची युक्ती दिली, आणि या खेळाच्या इतिहासात दुसऱ्या कामगिरीचे मोल पहिलीहून तसूभरही कमी नाही. संकटसमयी पतंगापासून मोकळे होण्याच्या खटकीसाठी आंतरराष्ट्रीय मानक तर 2020 मध्ये आले. वेगाचे आणि उंच उड्यांचे विक्रम सर्वांना ठाऊक असतात. सोडण्याच्या या कलेचा इतिहास कोणी फारसा सांगत नाही, आणि तो सांगितला जायला हवा.

संक्रांतीला येवल्याच्या गच्चीवर पतंग उडवणाऱ्या मुलालाही या तत्त्वाची ओळख असते. वारा जोराचा असेल तर तो कन्नी, म्हणजे पतंगाला मांजा जोडण्याआधी बांधलेली दुपदरी दोरी, अशी बांधतो की पतंग वाऱ्याला छाती देऊन उभा न राहता किंचित पालथा होऊन उडावा. मग ओढ कमी होते आणि मांजा तुटत नाही. काइटसर्फिंगचा स्वार हेच काम उडत्या पतंगावर, बारच्या एका हालचालीने, दर क्षणाला करत असतो. हा खेळ आता गोव्यात मोरजी आणि आश्वेच्या किनाऱ्यांवरही खेळला जातो, पण तेथे हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून येणारे खारे वारे सौम्य असल्याने मोठ्या मापाचे पतंग लागतात, आणि लाटांसाठी बनवलेल्या लहान पतंगाची खरी कसोटी पाहण्याइतका दम त्या वाऱ्यात क्वचितच असतो. पावसाळ्यात दम असतो, पण तो समुद्र खेळण्याचा नव्हे.

प्रत्यक्ष पारख वाळूवरच सुरू होते. चारही दोऱ्या शेजारी शेजारी ताणून त्यांची लांबी सारखी आहे ना हे पाहिले जाते, कारण बोटभर फरकानेही पतंग एका बाजूला ओढू लागतो, आणि नव्या दोऱ्या पहिल्या ताणाबरोबर थोड्या लांबत असल्याने ही तपासणी पुढेही करावी लागते. साहाय्यक पतंग कडेवर उभा धरतो. तो पाण्याच्या अंगाला, वाऱ्याच्या क्षेत्राच्या कडेवर उचलला जातो. हे क्षेत्र, ज्याला काइटसर्फर विंड विंडो म्हणतात, म्हणजे स्वारासमोर वाऱ्याच्या खालच्या बाजूला पसरलेला घुमटाचा निम्मा भाग. त्याच्या कडेवर आणि माथ्यावर पतंगाची ओढ सर्वांत कमी असते, आणि मधोमध, सरळ वाऱ्याखाली, सर्वांत जास्त. पहिली काही मिनिटे जाणता स्वार पाण्यात जात नाही. तो पतंग कडेवर ठेवून बार जवळ घेतो, दूर ढकलतो, पतंग मागे झुकतो का, पुढे पडतो का, मागची कड फडफडते का, हे पाहतो. बार फार जवळ ओढल्यावर काही पतंग वाऱ्याशी जास्त कोन करून उभे राहतात, त्यांच्यावरून वाहणारी हवा सुटते आणि ते पाठमोरे मागे ढासळतात. हा दोष वाळूवर कळला तर किरकोळ ठरतो, लाटेखाली कळला तर महाग पडतो.

पाण्यावर गेल्यावर जोराच्या वाऱ्यात पहिली जाणीव आवाजाची होते. ताणलेल्या दोऱ्या वाऱ्यात घुमतात, आणि त्यांचा सूर ओढीबरोबर चढतो, उतरतो. नव्या पतंगाचा हा सूर ओळखीचा व्हायला वेळ लागतो. झोत आला की पतंग काय करतो, हा पुढचा प्रश्न. उतावळा पतंग झोताबरोबर स्वाराला आडवे खेचून घेतो. शांत पतंग झोत आला की आपण होऊन कडेकडे सरकतो आणि स्वाराला फळीची कड पाण्यात रोवायला अवकाश देतो. मग वळणे येतात: एक हात ओढल्यावर पतंग जागच्या जागी फिरतो की मोठे वर्तुळ घेतो, वळताना ओढ वाढवतो की तशीच ठेवतो, बारवर हाताला किती दाब जाणवतो. हा दाब अगदीच नसला तर पतंग नेमका कोठे आहे ते पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि लाटांमध्ये वर पाहायला सवड नसते. फार असला तर तासाभरात हात भरून येतात. या साऱ्यांत आवडीनिवडीला वाव आहे, आणि दोन जाणकारांचे मत सहसा जुळत नाही.

पण लाटेवर एक क्षण असा येतो, जेथे मतभेदाला फारशी जागा उरत नाही. बाहेरून आलेली लाट उभी राहू लागते, स्वार तिच्या उतारावर फळी टाकतो, तळाशी येऊन वळतो आणि लाटेच्या भिंतीला समांतर, वाऱ्याच्या खालच्या दिशेला, म्हणजे नेमक्या आपल्या पतंगाकडेच धावू लागतो. आता त्याला पुढे नेणारी शक्ती लाटेची असते, पतंगाची नव्हे. स्वार पतंगाच्या जवळ सरकतो, दोऱ्यांतील ताण निघून जातो, त्यांना झोळ पडतो, त्यांचे घुमणे थांबते, आणि बारमधून हाताला काहीच जाणवत नाही. सगळे सुकाणू ताणावर चालत असल्याने ताण गेला की सुकाणूही जाते. एक-दोन सेकंद स्वार पतंगाला काही सांगू शकत नाही आणि पतंगाकडूनही त्याला काही कळत नाही. जो पतंग केवळ ओढ देण्यासाठी घडवलेला असतो, तो या अवकाशात नाक खाली घालून पुढे कोसळतो, किंवा बाजूला कलंडून गोता खातो, आणि पाठोपाठ येणारी लाट त्याच्यावर फुटते. लाटांसाठी घडवलेला पतंग मात्र सैल दोऱ्यांसह, आकार न मोडता, वाऱ्याबरोबर मागे सरकत राहतो, आणि स्वाराने वळण पुरे करून फळी पुन्हा वर आणली की दोऱ्या भरतात, सूर पुन्हा लागतो, पतंग जेथे असायला हवा तेथेच असतो. पतंगाच्या या मागे सरकण्याला ड्रिफ्ट म्हणतात. फासळ्या कमी ठेवणे, नळीचा व्यास आणि कमानीचा बाक ठरवणे, कन्नीच्या दोऱ्या कोठे जोडायच्या हे निवडणे, या साऱ्या खटाटोपाचा मोठा हिस्सा या दोन सेकंदांसाठी असतो.

जोराचा वारा या कसोटीला आवश्यक का असतो, हे त्यावरून उमगते. सौम्य वाऱ्यात दोऱ्या सैल पडल्या तर पतंग सावकाश खाली येतो आणि स्वाराला सावरायला वेळ मिळतो. 30 नॉटमध्ये चुकीच्या जागी सरकलेला पतंग ताण येताच वाऱ्याच्या क्षेत्राच्या मधोमध वारा भरून घेतो आणि सारी ओढ एका झटक्यात देतो. म्हणून येथे सैलपणाची पारख व्हायला आधी भरपूर जोर लागतो. पतंगांची परीक्षणे वाचताना पतंग किती उंच नेतो, किती वेगाने पळवतो, यावरच भर दिलेला आढळतो, आणि तो स्वाभाविकही आहे, कारण मिळालेली ओढ अंगाला कळते. न मिळालेली ओढ वर्णन करायला कठीण असते. तरीही ब्लाउबर्गसारख्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे लाटा घेणारे लोक नव्या पतंगाविषयी पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की सैल सोडल्यावर तो कसा राहतो.

पडणे हे अर्थात टळत नाही. पतंग पाण्यावर नाक खाली करून पडला की मागची एक दोरी ओढून त्याला कुशीवर वळवावे लागते, म्हणजे तो पाण्यावर घसरत वाऱ्याच्या क्षेत्राच्या कडेला जातो आणि तेथून उठतो. सपाट पाण्यात हे काम सोपे असते. फुटत्या लाटांत पतंगाच्या पोटात पाणी भरते, लाट त्याला किनाऱ्याकडे रेटते, दोऱ्या कधी सैल पडतात तर कधी एकदम ताठ होतात, आणि अशा वेळी कोरे कापडही टराटर फाटल्याची उदाहरणे प्रत्येक लाटाळ किनाऱ्यावर ऐकायला मिळतात. दोन लाटांमधल्या बारा-चौदा सेकंदांत जो पतंग उठतो, तो वाचतो. अशा वेळी सैल पडलेल्या दोरीच्या वेढ्यात पाय येणार नाही, इकडेही स्वाराला डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, कारण ताण आला की तीच दोरी मांसात रुतते.

आणि मग शेवटची तपासणी, जी पहिली व्हायला हवी. हार्नेसच्या आकड्याजवळची खटकी पुढे ढकलली की पतंग मुख्य बंधातून सुटतो, एकाच पुढच्या दोरीवर लटकतो आणि त्याच्यातील सारा वारा निघून जातो. नवे साधन हाती आल्यावर ही खटकी मुद्दाम, भर वाऱ्यात, उथळ पाण्यात, गोठलेल्या बोटांनी ढकलून पाहणे आणि ती पुन्हा जोडणे, हा काही क्षणांचा उद्योग आहे. तरीही तो बहुतेक जण टाळतात. चांगला चाललेला वारा वाया जाईल, दोऱ्या गुंततील, पतंग वाळू खाईल, अशी कारणे असतात आणि ती खरीही असतात. पण ज्या खटकीवर जीव टांगलेला आहे, ती भारावर असताना किती जोर मागते हे हाताला माहीत नसेल, तर त्या पतंगाची पारख झाली असे म्हणता येणार नाही, मग त्याने लाटेवर कितीही सुंदर ड्रिफ्ट दाखवलेला असो.

संध्याकाळकडे किनाऱ्यावर मते मांडली जातात. एकच पतंग दोघांनी आलटून पालटून वापरलेला असतो, आणि वजनदार स्वाराला जो शांत वाटला तो सडपातळ स्वाराला ओढाळ वाटलेला असतो. लाटेच्या पुढे राहून मोठी वळणे घेणाऱ्याला जो मंद वाटला, तो फेसाजवळ आखूड वळणे घेणाऱ्याला पुरेसा चपळ वाटलेला असतो. स्वभाव पतंगाचा, असे ज्याला म्हटले जाते त्याचा किती हिस्सा कापडात आहे आणि किती त्याला बांधलेल्या माणसात, हे वेगळे काढणे अवघड आहे. शिवाय मागच्या दोऱ्या जेथे अडकवतात त्या ठिकाणी कारखान्यातूनच दोन-तीन गाठी दिलेल्या असतात. दोरी एका गाठीने आत-बाहेर केली की बारवरचा दाब बदलतो, वळणाचा वेग बदलतो, सैल दोरीवर राहण्याची रीतही थोडी बदलते, आणि दुपारभर जमवलेल्या मताचा बराचसा भाग पुन्हा तपासून घ्यावा लागतो. तेव्हा दोरी दुसऱ्या गाठीला अडकवली जाते, चारही दोऱ्या पुन्हा ताणून पाहिल्या जातात, आणि वारा टिकून असेल तर पतंग पुन्हा पाण्याच्या अंगाला नेला जातो.